थोडं मोठ्याने, काकू

"थोडं मोठ्याने, काकू. आणि तेच पुन्हा एकदा, अगदी पहिल्यापासून."

चमचा अक्काच्या ओठांशी धरून मी उभी आहे आणि हा आवाज कानातून हलत नाही. कालचा, दुपारी तीनचा आवाज. गोड, गुळगुळीत, दार न वाजवता आत येणारा. अक्काचे ओठ मिटलेले आहेत. झटका आल्यापासून तिच्या तोंडाची डावी बाजू सैल पडली आहे, तिथून लाळ गळते, अर्धे शब्द गळतात. ती बाजू तिने उजव्या हाताच्या दोन बोटांनी चिमटीत धरली आहे, पिशवीचं तोंड आवळावं तशी. उरलेलं तोंड तिचं तिला मिटता येतं. "अक्का, एक चमचा. एकच." ती भिंतीकडे बघते. चमच्यातलं पाणी थरथरतसुद्धा नाही, कारण ते पाणी राहिलेलंच नाही. साधं पाणी तिच्या घशात वाट चुकतं आणि श्वासनळीत उतरतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पावडर घालून ते मधाइतकं घट्ट करावं लागतं. दोन वर्षं मी पाणी ढवळते आहे. गुठळी राहू द्यायची नाही, फार थांबलं तर त्याचा गोळा होतो, लगेच दिलं तर पातळ राहतं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, बाई, जेवण एकवेळ चुकलं तर चालेल, पाणी चुकवू नका, दोन दिवसांत हातची जाईल. त्यातला एक दिवस संपत आला आहे आणि मला राग येतो आहे. मला राग येत नाही असं सगळे म्हणतात. बत्तीस वर्षं मी इस्पितळाच्या टेलिफोनवर बसले, "थांबा, जोडून देते" एवढंच बोलले, तेही इतकं हळू की पलीकडून लोक ओरडायचे, अहो, आहे का कुणी तिकडे? अक्का उलट. ती शिवणकारखान्यात मुकादमीण होती. चाळीस यंत्रांच्या खडखडाटावरून तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. आता ती बोलत नाही आणि माझ्या कपाळाची शीर उडते आहे.

ह्या सगळ्याची सुरुवात भाचीने केली, म्हणजे तिने चांगल्या मनाने केली. आमच्या भावाची मुलगी, भाऊ गेल्यावर आम्हा दोघींची तीच एक. पावडरचा डबा महाग झाला होता, आणि अक्काला सोडून बाहेर काम करायला जाणं मला शक्य नव्हतं. भाची म्हणाली, आत्या, घरबसल्या चर्चांना बसतात लोक, कंपन्या पैसे देतात, तुझं मत सांगायचं फक्त. माझं मत! साठ वर्षांत ते कुणी फुकटही मागितलं नव्हतं. तिने मला शिकवलं. त्यासाठी वेगळा मेल-पत्ता काढायचा. जे आधी नोंदणीचे पैसे मागतात ते चोर समजायचे. निमंत्रण आलं की लगेच उघडायचं, दुपारपर्यंत थांबलं तर जागा भरतात. आणि आधी एक चाचणी असते, प्रश्नांची, ती पार केली तरच आत घेतात. मी रोज अक्काला आंघोळ घालून, औषधं देऊन, त्या चाचण्यांना बसू लागले. घरातली खरेदी कोण ठरवतं? वर्षातून किती वेळा विमानाने जाता? मोटार बदलायचा विचार आहे का? मी खरं लिहायचे. वीस-वीस मिनिटं प्रश्न विचारायचे, माझ्या आजारांपासून माझ्या शिक्षणापर्यंत सगळं काढून घ्यायचे आणि शेवटी एक पान उघडायचं: आपण या अभ्यासात बसत नाही, आपल्या वेळेबद्दल आभार. एकदा, दोनदा नाही, एकोणीस वेळा. दारात उभं करून घरातलं सगळं विचारायचं आणि मग दार लावून घ्यायचं, ही कुठली रीत? पण तेव्हा मी हे मनातसुद्धा बोलले नाही. मला वाटायचं, आपल्यातच काही कमी असेल.

"तू खरं कशाला सांगतेस?" भाची कपाळाला हात लावून म्हणाली होती. "साठ वय म्हटलं की तुला कोण घेणार? पन्नास टाक. मोटार आहे म्हण. कुठे बघायला येतायत!"

"खोटं नाही बोलायचं मला."

"अगं, हे खोटं नाही गं, हा फॉर्म आहे."

आतून अक्का तिच्या लोंबत्या शब्दांत म्हणाली होती, "तिला नको सांगूस. ती... यमाला पण... खरं वय सांगेल." आणि तिघी हसलो होतो. तेव्हा ती चमचा बघितल्याबरोबर तोंड उघडायची.

माझे तीन नेम आहेत आणि ते काही मी मिरवत नाही. उठल्यावर अर्धा तास मौन आणि नामस्मरण. दिवसभरात खोटा शब्द नाही. आणि झोपण्याआधी देवासमोर बसून दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, जे वाईट केलं ते आधी. आई गेली त्या वर्षापासून एकही दिवस मोडलेला नाही. मोडलेला नाही हे मी आत्ता सांगते आहे त्यातसुद्धा तो ताठा आहेच, काल दुपारी होता तोच. कारण विसाव्या वेळी मला घेतलं. घरी आजारी माणसाचं सगळं स्वतः करणाऱ्या बायका पाहिजेत, गिळायला त्रास असलेलं माणूस असेल तर उत्तम, असं त्या निमंत्रणात होतं. मी खरं तेच लिहिलं आणि पहिल्यांदाच पान हिरवं झालं. मला भरून आलं. मला वाटलं, बघ, खऱ्यालाही जागा आहे. भाचीला फोन करून सांगितलं. अक्काला सांगितलं, तुझ्या पावडरीवरच चर्चा आहे, नवी पावडर काढतायत. अक्का म्हणाली, "चव... घालायला सांग. हिला चिखलाची... चव आहे." मी म्हटलं, सांगते. आणि तेवढं एक सांगायचं राहिलंच.

पडद्यावर सहा चौकोन होते, सहा चेहरे, मधल्या चौकोनात चर्चा चालवणारी मुलगी. तिने सांगितलं की आणखी काही जण ऐकतायत, ते दिसणार नाहीत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. इअरफोनचा एक कान बंद पडला होता, म्हणून मी आवाज मोकळा ठेवला. अक्का दुपारच्या गोळीने झोपलेली असते आणि तिच्या-माझ्यात लाकडी फळ्यांची आडभिंत आहे, हे मी जमेला धरलं. पहिला अर्धा तास डब्याचं झाकण कसं असावं, रंग कुठला हवा. एक बाई म्हणाली झाकण उघडताना नख तुटतं, ती मुलगी म्हणाली वा, फार महत्त्वाचं. मग तिने आवाज खाली आणला. अगदी मायेने. "आता जरा आतलं बोलूया. सांभाळताना असा एखादा क्षण, जो तुम्ही आजवर कुणालाही सांगितला नाही?" कुणी म्हणालं, मी न्हाणीघरात रडते. कुणी म्हणालं, मला माहेरी जावंसं वाटतं. त्या बायका शहाण्या होत्या. त्यांनी द्यायचं तेवढंच दिलं. माझी पाळी आली आणि मला वाटलं, विचारलंय, तर उत्तर पूर्ण द्यायला हवं. अर्धं खरं हे खोटंच, असं मी कितीदा स्वतःला सांगितलं आहे. म्हणून मी सांगितलं. गेल्या हिवाळ्यात अक्काला ठसका लागला होता. पाणी मी नीट ढवळलं नव्हतं. तिचे डोळे मोठे झाले, ओठ निळे पडायला लागले. अशा वेळी तिला पुढे वाकवून पाठीवर जोराने थापायचं असतं, मला ते चांगलं येतं. मी थांबले. चार श्वास थांबले. माझे चार श्वास, तिचा एकही नाही. मनात आलं, आता सुटेल. ती की मी, ते मला आजही ठाऊक नाही. मग हात उठला आणि मी थापलं.

नख तुटणारी बाई तोंडावर हात धरून बसली होती. आणि ती मुलगी, तिचे डोळे चमकले, मी पाहिलं, दुकानात मनासारखा कपडा सापडल्यावर चमकतात तसे. "किती प्रामाणिक, काकू. पण तुमचा आवाज फार हळू आला हो. थोडं मोठ्याने, आणि तेच पुन्हा एकदा, अगदी पहिल्यापासून. 'आता सुटेल' म्हणायच्या आधी जरा थांबाल? आणि कॅमेऱ्याकडे बघून." आणि मी थांबले. मी कॅमेऱ्याकडे बघितलं. जन्मात कधी काढला नव्हता तो आवाज मी काढला आणि माझ्या बहिणीचा गुदमरलेला जीव दुसऱ्यांदा, खणखणीत, पहिल्यापासून सांगितला. पहिल्यांदा ती कबुली होती. दुसऱ्यांदा काय होतं? मला विचारलं असतं की काकू, नाचून दाखवा, तर मी नाचले नसते. पण इतक्या गोड आवाजात माझं पापच मागितलं, तर मी ते ताटात वाढून दिलं. ती म्हणाली, "सुंदर." हा शब्द वापरला तिने. आज सकाळी मौनात बसले होते तेव्हा नामाच्या प्रत्येक आवर्तनात तोच शब्द येत होता आणि मी डोळे उघडून भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या घरी कुणी म्हातारं नसेल का? कुणाच्या घशात काही अडकत नसेल का?

चर्चा संपल्यावर मी पाणी ढवळून आत नेलं. अक्का जागी होती. उशीवर तिचं डोकं आडभिंतीकडे वळलेलं होतं, इतकं की मानेची शीर ताणली होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि उजवा हात उचलून ती दोन बोटं तोंडाच्या सैल बाजूवर ठेवली. तेव्हापासून ती तिथेच आहेत. झोपेत सुटतात. झोपेत पाजता येत नाही.

आज सकाळी मी त्या लोकांना फोन लावला. म्हटलं, काल जे बोलले ते काढून टाका. तो मुलगा फार नम्र होता. "काकू, तुम्ही संमतीपत्र भरलंय ना?" भरलंय, म्हटलं, पण ते माझ्याबद्दलचं. "हो, मग झालं तर." मी म्हटलं, ती गोष्ट माझी एकटीची नाही, माझ्या बहिणीची आहे, तिची संमती कुणी घेतली? तो म्हणाला, "त्या चर्चेत नव्हत्या ना?" मी म्हटलं, संपूर्ण चर्चेत तीच होती. तो म्हणाला, "हॅलो? काकू, आवाज येत नाहीये." मी पुन्हा म्हटलं. "हॅलो?" मग त्याने मला मेल करायला सांगितलं, पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर येईल. आणि निवडक भाग? ते उद्या दुपारी कंपनीला दाखवणार. "तुमचा खूप आवडलाय सगळ्यांना," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला! मी म्हटलं, मला तुमचे पैसे नकोत. तो म्हणाला, ते आधीच पाठवलेत, परत घ्यायची सोय नाही. मी फोन ठेवला. त्यांच्याकडे द्यायची सोय आहे, परत घ्यायची नाही. माझ्या एकोणीस खऱ्या उत्तरांना ज्यांनी दारातून घालवलं, त्यांना विसावं पाहिजे होतं, कारण त्याला रक्ताचा वास होता. आणि मी? मी रोज देवाला दिवस सांगते. तो हिवाळ्यातला दिवस मी त्यालाही सांगितला होता, त्याच रात्री, सगळ्यात आधी, आणि रडून मोकळी झाले होते. पण जिचा श्वास होता तिला सांगितला नाही. दीड हात अंतरावर ती पडलेली असताना मी देवाला सांगितलं, मग परक्यांना सांगितलं. खोटं बोलत नाही म्हणून मान ताठ ठेवून चालणाऱ्या बाईने, जिला सांगायचं तिला वगळून साऱ्या जगाला खरं सांगितलं.

दुपारी भाची आली. तिला फोनवर सांगितलं होतं, सगळं नाही, पण अक्का पाणी घेत नाही आणि चर्चेत मी ठसक्याचं बोलले, एवढं. ती आल्या आल्या पलंगाच्या कडेला बसली. "काय मोठ्या आत्या, उपोषण? निदान मागण्या तरी जाहीर कर. बोर्ड लावू का बाहेर?"

अक्काच्या तोंडाची उजवी बाजू किंचित हलली. हसू होतं का ते, कळलं नाही. तिने बोटं काढली. एक लाळेची तार ओघळली, भाचीने पुसली.

"मागणी... एकच," अक्का म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडून चिरले होते. "ते... परत आण."

"काय परत आणू?" मी विचारलं.

"तिकडे दिलंस ते."

"अक्का, बोललेलं कसं परत आणू?"

"यंत्रात आहे ना? यंत्रातून... काढ. शिवण उसवते... बोलणं उसवत नाही होय?"

भाची माझ्याकडे बघू लागली. मी खाली बसले, जमिनीवरच, माझं तोंड अक्काच्या उशीच्या पातळीला आलं. म्हटलं, अक्का, मी थांबले होते. त्या दिवशी. चार श्वास. हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, आणि तिला ते ऐकू आलं. तिला माझं सगळंच ऐकू येतं, लहानपणापासून.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी... तुझ्याकडेच... बघत होते ना. आणखी कुठे बघणार?"

एवढे महिने तिला माहीत होतं. एवढे महिने तिने त्याच हातातून चमचा घेतला.

"बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून... थांबले. मी पण थांबले की." ती दमली. भाचीने तिच्या छातीवर हात ठेवला, अक्काने तो बाजूला सारला. "ते आपलं होतं. दोघींचं. माझी... लाज, तुझी लाज. तू ते उचललंस आणि... परक्यांना दिलंस. आणि दोनदा!" दोनदा म्हणताना तिच्या आवाजात चाळीस यंत्रं पुन्हा सुरू झाली. खिडकीची काच हलली असं मला वाटलं. "एकदा तोंडातून गेलं... समजते मी. दोनदा?"

मोठ्याने सांगा म्हणाले म्हणून, हे उत्तर साठ वर्षांच्या बाईने द्यायचं नसतं. मी म्हटलं, चुकलं माझं. तिने मान हलवली, चूक तिला नको होती, तिला ती वस्तू हवी होती. भाची म्हणाली, "मी करते मेल, कडक भाषेत करते." अक्का म्हणाली, "कागदाने काय होतंय? हिनं दिलं, हिनं आणायचं. जाऊन. फोनवर हिचा आवाज... भिंतीलाही ऐकू जात नाही. समोर बसली की... माणसाला उठता येत नाही हिच्या पुढून. मला माहीत आहे ना." मी म्हटलं, नाही दिलं तर? "तर बसून राहा." मी म्हटलं, अक्का, मी तिथे कुणाला ओळखत नाही. "काल ओळखत होतीस?" ती म्हणाली, आणि बोटं पुन्हा ओठांकडे नेऊ लागली. मी तो हात वाटेतच धरला. गरम होता, कोरडा, कागदासारखा. म्हटलं, जाईन. उद्या सकाळी, त्यांनी कुणाला दाखवायच्या आत. घेतल्याशिवाय उठणार नाही. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे तिला माहीत आहे, पण आज तिला ते पुरेसं वाटत नव्हतं, आणि ते तिचं बरोबर होतं. मग म्हणाली, "ढवळ."

मी पाणी ढवळलं. तिने तीन चमचे घेतले. प्रत्येक घोटाला तिची मान आत ओढली जाते, हनुवटी छातीला लागते, डोळे मिटतात. एक घोट म्हणजे तिला एक जिना चढणं. तिसऱ्यानंतर ती म्हणाली, बाकीचं तू आल्यावर. मी म्हटलं, अक्का, असं नको. ती म्हणाली, "मुकादमीण आहे मी. काम बघून... हजेरी लावते." भाची हसली आणि हसता हसता तिने तोंड फिरवून घेतलं. तिने संमतीपत्रावरून कचेरीचा पत्ता शोधून दिला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस, सातवा मजला. मुक्कामाला थांबते म्हणाली.

रात्री मी देवासमोर बसले आणि दिवस सांगायला तोंड उघडलं, पण आज पहिल्यांदा सांगण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. सगळं आत अक्कापाशी सांगून झालं होतं. मी नुसती हात जोडून बसले. राग तसाच होता. मी त्याला निवायला सांगितलं नाही.

सकाळी मौन सुटल्यावर मी धुतलेलं, इस्त्रीचं नेसले. पिशवीत संमतीपत्राची प्रत ठेवली, पाण्याची बाटली, चष्मा, आणि सुपारीएवढासुद्धा राग कमी होऊ नये म्हणून दुसरं काही ठेवलं नाही, वाचायचं पुस्तकही नाही. भाचीला पाणी किती वेळ ढवळायचं ते दाखवलं, अक्का तिच्या हातून घेणार नाही हे दोघींना माहीत असूनही दाखवलं. अक्का जागी होती. दार आवाज न करता ओढून घेतलं. पहिल्या मजल्यावर खालच्या बाई पायऱ्या पुसत होत्या. मला उतरताना बघून त्या कडेला झाल्या, ओला फडका हातात तसाच. "आज इतक्या सकाळी कुठे हो? बहिणीला एकटं टाकून?"

"तिचंच एक आणायला चालले आहे," मी म्हटलं, आणि ओल्या पायऱ्यांवर जपून पाय टाकत खाली उतरू लागले.